डिग्री अर्ध्यात सोडली तर चालतं का? धाकट्या भावासाठी विचारतेय

थोरली:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे लिहिणं, आधीच सांगते.

माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चार वर्षांचा कोर्स. पहिल्या वर्षाचं सगळं नीट सुटलं पण तिसऱ्या सेमिस्टरचे दोन विषय राहिलेत. त्याला डोकं कमी आहे असं अजिबात नाही. गेले आठ महिने तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लोकांच्या वेबसाइट बनवत बसतो आणि सकाळी कॉलेजात जाऊन पेंगतो, मग दुसरं काय होणार. पैसे येतात, ते नाकारून चालणार नाही. दोन-तीन कायमची गिऱ्हाइकं झालीत आणि त्यातल्या एकाने तर सांगितलंय की कॉलेज सोड आणि पूर्णवेळ माझ्याकडे ये.

परवा रात्री माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, ताई, तिथे जे शिकवतात ते मी कधी वापरत नाही आणि मी जे वापरतो ते तिथे कुणी शिकवत नाही, मग मी अजून अडीच वर्षं का घालवू. आई-बाबांना अजून काही माहीत नाही. त्यांना मी समजवावं अशी त्याची अपेक्षा आहे.

मला काय उत्तर द्यावं तेच कळेना. मी स्वतः डिग्री घेतली, आज जे काम करते त्याचा त्या डिग्रीशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे "डिग्री पाहिजेच" असं मी त्याला छातीठोक सांगू शकत नाही. पण "सोड" म्हणायला जीभ पण रेटत नाहीये. दोन्ही बाजूंनी ज्यांनी स्वतः अनुभवलंय त्यांनी सांगा. खरंच लागते का डिग्री? आणि सोडलीच तर नेमकं काय अडतं, कुठे अडतं? कृपा करून "मन सांगेल ते कर" असं नका सांगू, त्याचं मन तर रोज नवीन काहीतरी सांगतंय.

स्वतःचा_रस्ता:

ताई, सोडू दे त्याला. मी अगदी मनापासून सांगतोय. बिल गेट्सने हार्वर्ड सोडलं, झुकरबर्गने हार्वर्ड सोडलं, स्टीव्ह जॉब्सने रीड कॉलेज एका सेमिस्टरनंतर सोडलं. ज्याला काम येतं त्याला कागद लागत नाही. तुमच्या भावाला वयाच्या विसाव्या वर्षी गिऱ्हाइकं मिळतायत, माझ्या वर्गातल्या कित्येकांना डिग्री हातात पडल्यावर पण वर्ष-वर्ष कुणी विचारलं नव्हतं. ज्या वयात माणूस सगळ्यात भराभर शिकतो त्या वयात त्याला मागच्या बाकावर झोपवून ठेवणं हा अन्याय आहे, मी चार वर्षं तेच केलं आणि त्या वर्षांची हळहळ अजून जात नाही.

छाननीवाला:

वरच्या मित्राची कळकळ समजतेय पण ती उदाहरणं पूर्ण सांगायला पाहिजेत. गेट्सने १९७५ साली कॉलेज सोडलं तेव्हा त्याच्या आणि पॉल ॲलनच्या हातात अल्टेअर नावाच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेलं बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, होतं, चालवून दाखवलेलं, आणि ते घ्यायला एक कंपनी तयार होती. शिवाय त्याने नाव एकदम काढून टाकलं नव्हतं, रजा घेतली होती, म्हणजे नाही जमलं तर परत जायचं दार उघडं होतं. झुकरबर्ग २००४ मध्ये गेला तेव्हा फेसबुक आधीच कितीतरी कॉलेजांत पसरलं होतं. जॉब्स रीडमधून नाव काढल्यावर पण दीडेक वर्ष तिथल्याच वर्गांत जाऊन बसत होता, कॅलिग्राफीचा वर्ग त्यातलाच. तर हे लोक कॉलेजला कंटाळून काय करायचं ते शोधायला बाहेर पडले असं नाही झालेलं. गेट्स आणि झुकरबर्गचं तर काम आधी उभं राहिलं आणि मग कॉलेजसाठी वेळ उरला नाही.

आता माझं सांगतो. मी गेली ११ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये माणसं निवडायचं काम करतोय. एका जागेसाठी जाहिरात टाकली की दोन दिवसांत तीनशेच्या वर अर्ज येतात. ते सगळे मी वाचत नाही, कुणीच वाचत नाही. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, सर्वोच्च शिक्षण काय, खाली यादी उघडते आणि त्यात बॅचलरच्या खालचं काही निवडलं की कित्येक ठिकाणी तो अर्ज माझ्यापर्यंत पोचतच नाही, सिस्टिमच बाजूला काढते. उमेदवाराला रात्री साडेअकराला एक ठरावीक मेल जातो की आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत. त्याने सोबत कामाच्या लिंका दिलेल्या असतात, त्या कुणी उघडून बघितलेल्या पण नसतात. मी हे बदलायचा दोनदा प्रयत्न केला, एकदा यश आलं आणि त्या एका वेळी निवडलेला मुलगा, त्याच्याकडे डिग्री नव्हती, आज माझ्या टीममधला सगळ्यात भरवशाचा माणूस आहे. दुसऱ्या वेळी वरून उत्तर आलं की तीनशेतून वीस निवडायचा दुसरा झटपट मार्ग सांगा मग काढू ही अट. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

यावर अर्थशास्त्रात चांगला विचार झालाय. गॅरी बेकरसारखे लोक म्हणायचे शिक्षणाने माणसाचं कसब वाढतं म्हणून पगार वाढतो. मग १९७३ मध्ये मायकेल स्पेन्सने वेगळी बाजू मांडली, त्याला पुढे २००१ चं नोबेल पण मिळालं. तो म्हणाला, कॉलेजने काहीच शिकवलं नाही असं जरी क्षणभर धरलं तरी डिग्रीला बाजारात किंमत राहील, कारण नोकरी देणाऱ्याला समोरच्याच्या आतलं काही दिसत नाही आणि डिग्री ही त्याच्यासाठी खूण असते की हा माणूस काहीतरी अवघड काम चिकाटीने शेवटपर्यंत नेऊ शकतो. आणि म्हणूनच अर्धवट सोडण्यात एक मोठी गोम आहे. चारातली तीन वर्षं केली म्हणजे डिग्रीची पाऊण किंमत मिळाली असं होत नाही, शेवटचं वर्ष पूर्ण करून कागद हातात आला की पगारात एकदम उडी दिसते, तिकडे याला शीपस्किन इफेक्ट म्हणतात, पूर्वी पदव्या मेंढीच्या कातड्यावर लिहायचे त्यावरून.

आणि हो, "आता कंपन्या डिग्री बघत नाहीत" हे तुम्ही खूप ऐकाल. काही अंशी खरंय. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांवरची चार वर्षांच्या डिग्रीची अट काढली, मोठ्या कंपन्यांनी पण तशा घोषणा केल्या. पण २०२४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूटने मिळून बघितलं की या सगळ्याचा प्रत्यक्ष भरतीवर किती परिणाम झाला, तर २०२३ मधल्या दर ७०० भरतींमागे एकालाही धड फायदा झाला नव्हता. जाहिरातीतली ओळ गेली, निवडणाऱ्याची सवय गेली नाही. मी स्वतः त्या खुर्चीत बसतो म्हणून हे सांगताना मला बरं वाटत नाही पण तुमच्या भावाला हे माहीत असलं पाहिजे.

वितळता_जोड:

मी कॉलेजला गेलेलो नाही. शाळा झाली, दोन वर्षं ट्रेड शिकलो आणि वेल्डिंगमध्ये उतरलो, आज सतरावं वर्ष. माझ्या बरोबरीच्या डिग्रीवाल्यांपेक्षा कमी कमावत नाही, घर माझं आहे आणि कामाचा मला अभिमान आहे, हे आधी सांगतो म्हणजे पुढचं कडवटपणाने बोलतोय असं वाटायला नको.

आमच्यात डिग्री कुणी विचारत नाही, कारण आमच्यात परीक्षा घेता येते. पाइप ४५ अंशात तिरका पक्का बांधलेला असतो, त्याला सिक्स-जी म्हणतात, पाइप फिरवायचा नाही, तुम्हीच त्याच्याभोवती फिरायचं, खालून डोक्यावर धरून सुरू करायचं आणि बाजूने चढत वर यायचं. पहिला थर म्हणजे रूट. त्या वेळी समोर वितळलेल्या धातूत एक बारीकसा डोळा उघडा राहतो, कीहोल म्हणतात त्याला, तो मोठा झाला की धातू आत गळतो आणि बंद झाला की आतून जोड लागतच नाही, त्यामुळे त्या डोळ्यावर नजर आणि हात इतका सावकाश की खांदा भरून येतो. मग वरचे थर, मग कॅप, म्हणजे सगळ्यात वरचा शेवटचा थर. झालं की जोडातून पट्ट्या कापतात, यू आकारात वाकवतात आणि वाकलेल्या जागी ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की नापास. तुमचा मामा कोण, तुम्ही कुठे शिकलात, मार्क किती, काही संबंध नाही. पट्टी वाकली आणि फुटली नाही, बस.

आणि ती पात्रता पण कायमची नाही. त्या प्रकारचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर संपली, परत परीक्षा द्या. डिग्री एकदा मिळाली की मरेपर्यंत, आमचा कागद सहा महिन्यांचा. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

तर ताई, माझं म्हणणं इतकंच की भावाच्या कामात असं पट्टी वाकवून दाखवणं आहे का ते बघा. त्याचं काम अनोळखी माणसाला पाच मिनिटांत तपासता येतं का? येत असेल तर डिग्रीवाचून चालेल. तपासता येत नसेल तर लोक कागदच मागणार, त्यांचा पण इलाज नाही.

एक दुसरी बाजू पण सांगतो. चाळिशी जवळ आली की मान, डोळे, गुडघे बोलायला लागतात. मग इन्स्पेक्शनकडे, म्हणजे दुसऱ्यांचे जोड तपासायच्या कामाकडे जावंसं वाटतं, तिथे शिक्षण जितकं कमी तितकी अनुभवाची वर्षं जास्त मागतात. वाट असते पण लांबची असते. जर्मनीत याचा नीट विचार केलाय, तिथे मुलगा कंपनीत काम करता करता आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो, तीन-साडेतीन वर्षांत कारागीर होतो आणि पुढे माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर झाला तर तो त्यांच्या पात्रतेच्या चौकटीत सहाव्या पातळीवर धरतात, बॅचलर डिग्रीच्या बरोबरीने. हाताने काम करणाऱ्याला वर जायला जिना आहे. जिथे तो जिना नाही तिथे कॉलेज सोडणाऱ्याने जास्त विचार करावा.

रात्रपाळी:

अगं, तू माझ्यापेक्षा लहान असशील असं धरून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

मी नर्स आहे. आमच्याकडे "लागते का" हा प्रश्नच नाही, कायदा आहे. डॉक्टर, नर्स, वकील, फार्मासिस्ट, जिथे चुकीने माणसाचा जीव किंवा हक्क जातो तिथे दारावर कुलूप आहे आणि ते असावंच असं माझं ठाम मत आहे. तुझ्या भावाच्या क्षेत्रात ते नाही, त्याचं नशीब. पण मी वेगळ्या कारणाने लिहितेय.

मी डिप्लोमा करून लागले. तेव्हा तेवढं पुरत होतं. मग माझ्या डोळ्यांदेखत नियम बदलत गेले, इंग्लंडमध्ये तर २०१३ पासून नव्याने येणाऱ्या नर्सला डिग्रीच लागते. जुन्यांची नोंदणी जात नाही, नोकरी पण जात नाही, पण वरची जागा निघाली की माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी अर्ज करू शकायची आणि मी नाही. कुणी अपमान केला नाही, सगळे गोड बोलायचे, पण मी त्या यादीत नसायचे. शेवटी छत्तिसाव्या वर्षी डिग्रीला नाव घातलं. पहाटे तीनला वॉर्ड शांत झाला की नर्सिंग स्टेशनवरच्या दिव्याखाली फोनवर लेक्चर बघायचे, एक कान मॉनिटरकडे. आकडेवारीचा विषय होता, स्टँडर्ड डेव्हिएशन, एकच व्हिडिओ मी अकरा वेळा बघितला असेल कारण दर चार मिनिटांनी कुणाची तरी बेल वाजायची. मुलगी तेव्हा सातवीत होती, तिने माझी असाइनमेंट टाइप करून दिलीये.

केलं, झालं, बढती पण मिळाली. पण विशीत जे दोन वर्षांत होतं त्याला चाळिशीकडे पाच वर्षं लागतात आणि ती पाच वर्षं घरातल्या प्रत्येकाच्या वाट्यातून काढावी लागतात. भावाला सांग, "नंतर करेन" हे खोटं नाही, करता येतं, ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९७१ पासून नोकरी करणाऱ्यांना घरबसल्या डिग्रीचं शिक्षण देतंच आहे आणि तशी विद्यापीठं आता जगभर आहेत. फक्त नंतर ते स्वस्त पडत नाही, आणि मी पैशाबद्दल बोलत नाहीये.

अर्ध्यावरून:

मी तुमचा भाऊच आहे असं समजा, नऊ वर्षं पुढचा. चारातली दोन वर्षं पूर्ण करून मी कॉलेज सोडलं, एका छोट्या कंपनीत डेव्हलपर म्हणून लागलो. पश्चात्ताप होतो का असं लोक विचारतात, तर सोडल्याचा होत नाही, ज्या पद्धतीने सोडलं त्याचा होतो. ते सविस्तर सांगतो कारण मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली नोकरी चार वर्षं केली. मालक चांगला माणूस होता, काम तोंडी, पगार वेळेवर, पत्र-बित्र काही नाही. मी पण मागितलं नाही, रोज एकाच टेबलावर जेवत होतो, पत्र कसलं मागायचं. मग कंपनी बंद पडली. दोन वर्षांनी मला बाहेरच्या देशातल्या एका कामासाठी विचारणा झाली, इंटरव्ह्यू तीन झाले, तिन्ही उत्तम, आणि मग कागद मागितले. अमेरिकेच्या एच-वन-बी, म्हणजे तिथे नोकरीसाठी जायच्या व्हिसात डिग्री नसणाऱ्यासाठी पण एक हिशोब आहे, कॉलेजच्या एका वर्षाच्या बदल्यात त्याच क्षेत्रातल्या कामाची तीन वर्षं धरतात. माझी कॉलेजची दोन वर्षं झाली होती, उरलेल्या दोन वर्षांसाठी सहा वर्षांचा अनुभव पाहिजे होता आणि तो माझ्याकडे बरोबर सहा वर्षांचा होता. पण त्यातल्या चार वर्षांचं पत्र देणारं कुणी उरलं नव्हतं. जुन्या मालकाचा नंबर बंद, कंपनीचा डोमेन पण दुसऱ्या कुणीतरी घेतलेला, मी तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर वेगळ्याच कसल्या तरी वस्तूंची जाहिरात उघडली. चार वर्षं मी रात्रंदिवस काम केलं होतं आणि ते घडल्याचा एक कागद नव्हता. ते काम गेलं.

त्या दिवशी मला डिग्री म्हणजे काय ते समजलं. जे तुम्हाला ओळखतात त्यांना तुमची डिग्री नको असते, तुमच्या भावाच्या त्या तीन गिऱ्हाइकांना नकोच आहे, ती मागणार पण नाहीत. डिग्री लागते अनोळखी माणसाला, ज्याला तुमचं काम तपासायला वेळ नाही किंवा अक्कल नाही. वर वेल्डरदादांनी अगदी नेमकं सांगितलं. रामानुजन कॉलेजात नापास झाला होता, डिग्री नव्हती, पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होता, आणि १९१३ च्या जानेवारीत त्याने केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी याला पत्र लिहिलं, सोबत पानंच्या पानं भरून प्रमेयं. तेच त्याने केंब्रिजच्या आणखी दोन मोठ्या गणितज्ञांना पण पाठवलं होतं म्हणतात, त्यांच्याकडून काही झालं नाही. काम तेच, कागद तेच, पण वाचणाऱ्याला ते वाचता यायला लागतं. म्हणजे नुसतं काम चांगलं असून भागत नाही, ते ओळखणारा डोळा पण गाठ पडावा लागतो, आणि सगळ्यांना हार्डी भेटत नाही. फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ होता, त्याने हंफ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकून तीनेकशे पानांच्या नोंदी काढल्या, स्वतः शिवून बांधल्या आणि डेव्हीलाच पाठवल्या, १८१३ मध्ये प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागला. हे दोघं मला जॉब्स-गेट्सपेक्षा जास्त खरे वाटतात कारण त्यांनी समोरच्याच्या हातात तपासता येईल असं काहीतरी ठेवलं.

आता मी सध्या काय करतो तर प्रत्येक कामाचं पत्र त्याच महिन्यात घेतो, काय केलं, किती महिने, कुणाच्या हाताखाली, सही आणि तारखेसकट. कॉलेजच्या झालेल्या दोन वर्षांच्या मार्कलिस्ट आणि ट्रान्सक्रिप्ट पण काढून आणल्या, सात वर्षांनी गेलो होतो, क्लार्कबाई म्हणाल्या इतक्या उशिरा कुणी येत नाही, रजिस्टर शोधायला तीन खेपा मारायला लावल्या पण दिल्या बिचाऱ्यांनी. तुमचा भाऊ सोडणारच असेल तर नुसतं जायचं बंद नको करू दे. लेखी रजा मागू दे, बऱ्याच कॉलेजांत एक वर्ष गॅप देतात, आणि जे विषय सुटलेत त्यांचे कागद आजच हातात घेऊ दे.

आणखी एक, तो जो गिऱ्हाईक म्हणतोय ना "पूर्णवेळ ये", त्याला लेखी ऑफर मागा. पद, पगार, किती दिवसांची नोटीस. द्यायला तयार झाला तर विचार करा. "अरे आपल्यात काय कागद" म्हणाला तर मी माझी चार वर्षं तुमच्यासमोर ठेवलीच आहेत.

स्वतःचा_रस्ता:

दादा, तुमचं वाचून मी माझं थोडं मागे घेतो. मी डिग्री घेऊन बसलोय म्हणून मला ती नसल्याचा त्रास कधी कळलाच नाही हे खरं. तरी पण एक म्हणेन, ज्याला मनापासून नको आहे त्याला चार वर्षं ओढून नेण्यात काही हशील नाही, तो काठावर पास होईल आणि शिकण्याचीच शिसारी बसेल. माझी बसली होती.

छाननीवाला:

हे मान्य. आणि एक राहिलं होतं, कोर्टाने पण यावर बोलून ठेवलंय. अमेरिकेत १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर असा खटला झाला, कंपनीने कामाशी संबंध नसताना हायस्कूल डिप्लोमाची अट घातली होती आणि त्यात कृष्णवर्णीय कामगार मागे पडत होते. सुप्रीम कोर्टाने ती अट टिकू दिली नाही, म्हटलं की अटीचा कामाशी संबंध दाखवा. पन्नास वर्षं उलटून गेली आणि मी आजही कित्येक जाहिरातींत तोच प्रश्न विचारतोय, या जागेला डिग्री का? उत्तर "सगळे टाकतात म्हणून" असंच येतं. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही त्यांना ही ओळ सगळ्यात जास्त मारते, हे मला फार लागतं.

थोरली, भावाला माझ्याकडून एकच काम सांगा. त्याने बनवलेल्यातलं सगळ्यात अवघड एक घ्यावं आणि दोन पानात लिहून काढावं, गिऱ्हाइकाची अडचण काय होती, मी काय काय करून बघितलं, काय फसलं, का फसलं. लिहायला बसला की त्याला स्वतःलाच कळेल आपल्याला किती येतं. नुसत्या लिंका कुणी उघडत नाही पण असं लिहिलेलं मी वाचतो.

थोरली:

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री पूर्ण धागा आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचला. नर्सताईंचं वाचताना तो गप्प झाला, आमची आई पण नोकरी सांभाळून शिकली आहे, आम्ही दोघांनी ते बघितलंय.

त्याने त्या गिऱ्हाइकाला माझ्यासमोरच मेसेज केला की लेखी ऑफर द्याल का. तासाभराने उत्तर आलं, "आधी ये तर खरं, मग बघू." भाऊ बराच वेळ फोनकडे बघत बसला. मी काही बोलले नाही.

मग त्याने दोन पानं लिहायला घेतली, छाननीवाले दादांनी सांगितलं तसं. एका गिऱ्हाइकाची साइट महिनाअखेरीला बंद पडायची, त्याने सर्व्हर मोठा करून दिला होता आणि तेवढ्यापुरतं भागलं होतं. लिहिताना "का फसलं" इथे येऊन अडकला. डेटाबेस इतका हळू का होतो ते त्याला सांगता येईना, शोधत गेला तर इंडेक्सपर्यंत, म्हणजे माहिती पटकन सापडावी म्हणून बांधतात त्या सूचीपर्यंत पोचला, आणि इंडेक्स कसे बांधतात ते त्याच्या राहिलेल्या दुसऱ्या विषयात आहे, डेटा स्ट्रक्चरमध्ये. रात्री एक वाजता कपाटातून ते पुस्तक काढलं, वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाला, ताई, हे मला त्यांनी असं का नाही सांगितलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याचं म्हणणं चूक आहे असं मला आत्ता पण वाटत नाही.

तर तूर्तास ठरलंय ते असं, कॉलेज सोडायचं नाही, तीनातली दोन गिऱ्हाइकं ठेवायची, तिसऱ्याचं, म्हणजे त्या "मग बघू"वाल्याचं काम या महिन्यात संपवून पत्र घ्यायचं आणि थांबायचं. राहिलेले दोन्ही विषय या परीक्षेत काढायचे. तरीही वर्षअखेरीला त्याला सोडावंसंच वाटलं तर लेखी गॅप घ्यायची आणि आई-बाबांना मी सांगायचं, तसा शब्द दिलाय मी त्याला. आई-बाबांना राहिलेल्या विषयांचं मात्र आजच सांगणार आहोत, दोघं मिळून.

एक मदत पाहिजे. गणितात फुरिये सिरीज आहे, ती त्याच्या डोक्यात शिरत नाहीये आणि इथे विचारायला लाजतोय म्हणून मीच विचारते, कुणी समजावून सांगू शकेल का?

अर्ध्यावरून:

मी सांगतो. माझा पण तोच विषय राहिला होता, मागच्या वर्षी स्वतःच बसून शिकलो, साउंडच्या एका कामासाठी लागलं म्हणून. शनिवारी सकाळी चालेल का विचारा त्याला. वही घेऊन बसायला सांगा, पहिल्यांदा साइन वेव्ह हाताने काढायच्या आहेत.